मीठबंदर आणि बोटीची कड

कोपरी म्हटलं की आज आपल्याला पुलावरची वाहनांची रांग आठवते. पण ठाणे पूर्वेच्या याच भागात मीठबंदर रोड आहे. बंदर नावात तरी शिल्लक राहिलंय. 1854 मध्ये रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला पोचली, तरी मिठागरांचं मीठ बोटींनी जातच राहिलं.

आम्हाला यात कुतूहल आहे ते एका साध्या गोष्टीचं. मिठानं भरलेली लाकडी बोट दगडी धक्क्याला लावायची कशी? दगड जागचा हलत नाही, पाणी मात्र उधाणाला चार मीटरहून जास्त वर-खाली होतं. दोर आखूड बांधला तर ओहोटीला बोट टांगली जाऊन कलते, सैल सोडला तर लाटेगणिक दगडावर घासते. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ. ती निघाली की पाणी आत, आणि माल काय, तर मीठ! म्हणजे नुसतं भिजणं नव्हे, मालच विरघळणार.

म्हणून दोराजवळ माणूस हवा, आणि मध्ये काथ्याच्या दोराची जाड गुंडाळी. पुढे गाड्यांचे जुने टायर आले. कुठल्याही कोळीवाड्यात बघा, बोटींच्या कडेला लटकलेले दिसतील.

आता पांटून, म्हणजे तरंगता धक्का. तो बोटीबरोबरच चढतो-उतरतो, त्यामुळे दोराची कटकट बरीच संपते. बाजूची घासाघीस मात्र राहते, टायर तिथेही लागतातच. शिवाय खाडी गाळानं भरत असेल, तर ओहोटीला पांटूनच चिखलात बसतं.