गुन्हेगारी
मराठेशाहीतील दंडवाचक संज्ञा. फार्सी ‘गुनाह’ (अपराध) या शब्दावरून ती आली. आज तिचा अर्थ अपराधप्रवृत्ती असा होतो. त्या काळी अपराध्याकडून वा वादात हरलेल्या पक्षाकडून सरकार घेई त्या दंडास गुन्हेगारी म्हणत. जिंकलेल्या पक्षाने द्यावयाची रक्कम ती हरकी. गुन्हेगारीची रक्कम ठरीव नसे. ती आकारताना ऐपत पाहिली जाई. इंग्रजीतील ‘अमर्समेंट’ हा अपरिचित शब्द अशाच दंडाचा वाचक असून तो फ्रेंच ‘आ मेर्सी’ (दयेच्या अधीन) यावरून बनला. कारण दंड किती, हे सत्तेच्या मर्जीवर असे. इंग्लंडात १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेने त्या मर्जीस अपराधाच्या प्रमाणाची मर्यादा घातली आणि व्यापाऱ्याचा माल व भूदासाची शेतीची साधने दंडातून वगळली.