करवंदी : लागवड व छाटणी

करवंदी (हिं. करौंदा, सं. करमर्द, गोव्यात कांटां, शास्त्रीय नाव कॅरिसा करंडास, जुन्या ग्रंथांत कॅरिसा कंजेस्टा, करवीर कुल) हे सदाहरित, काटेरी झुडूप. कण्हेर, चाफा, सदाफुली ही याच कुळातली. कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या उतारांवर, जांभ्याच्या उघड्या सड्यांवरही त्याच्या जाळ्या आपोआप वाढतात. मोकळे सोडले तर झुडूप दोन-तीन मीटर उंच होते. शेजारी झाड असले तर त्याच्या आधाराने आणखी वर चढते. पाने समोरासमोर, चिवट, वरून चकचकीत. काटे बहुधा जोडीने येतात, दोन ते पाच सेंमी. लांब, साधे किंवा टोकाशी दुभंगलेले. करवंदीचा काटा म्हणजे रूपांतरित फांदीच. गुलाबाच्या काट्याप्रमाणे तो अंगठ्याने रेटून निघत नाही, हत्यारानेच तोडावा लागतो.

करवंदी लावली जाते ती कुंपणासाठी किंवा फळासाठी. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात आणि छाटणीचा सारा विचार तिथून सुरू होतो. पांढऱ्या, सुवासिक, पाच पाकळ्यांच्या फुलांचे झुबके फांद्यांच्या शेंड्यांशी लागतात. कोकणात फुलोरा साधारण जानेवारी ते मार्च असतो आणि फळ एप्रिल-मेमध्ये काळे होते. म्हणजे दिवाळीनंतर कुंपण नीटनेटके दिसावे म्हणून सरसकट कात्री फिरवली, की येत्या उन्हाळ्याची करवंदे त्याच दिवशी कापली जातात. ‘जाळी एवढी दाट, पण फळ नाही’ ही बंगल्यांच्या आवारात नेहमी ऐकू येणारी तक्रार. तिथे खताआधी छाटणीचा महिना विचारावा.

योग्य वेळ एकच: फळ उतरल्यावर, मेअखेर किंवा मृगाच्या तोंडावर. त्यानंतर येणाऱ्या फुटव्यांना अख्खा पावसाळा मिळतो आणि थंडीपर्यंत त्यांचे शेंडे फुलायला तयार होतात. मुसळधार पावसात मात्र कोयता लावू नये. ओल्या जखमांतून बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून वाळत येते. फळासाठी राखलेल्या झुडपाला छाटणी थोडकीच लागते. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या काढाव्यात, मध्यभागी ऊन पोहोचेल इतकी विरळणी करावी, आणि थांबावे. कुंपणाची गोष्ट वेगळी. रोप गुडघ्याएवढे झाले की शेंडा बेधडक खुडावा, नाहीतर ते वर उंच आणि खाली उघडे राहते, आणि शेळी खालूनच शिरते. पुढेही कुंपण तळाशी रुंद, माथ्याशी अरुंद ठेवावे म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते. दोन्ही हवे असेल तर रस्त्याकडची बाजू वरचेवर छाटावी आणि आतल्या बाजूचे शेंडे फळासाठी राखावेत.

छाटताना कापलेल्या जागेतून लगेच पांढरा चीक ठिबकतो. तो कात्रीच्या पात्यांवर सुकून त्यांना चिकटवतो, कपड्यांवर डाग पाडतो, काहींच्या त्वचेला चुणचुणतो. हाताला आधी खोबरेल चोळावे, जाड हातमोजे घालावेत, काम संपल्यावर पाती रॉकेलने पुसावीत. काटेरी छाट वाटेवर पडू देऊ नये; कुंपणातल्या फटींत खोचला तर तो तिथेच उपयोगी पडतो.

काटेरी झुडपे छाटून केवढी भिंत उभी राहू शकते याचा पुरावा भारताच्या इतिहासात आहे. मिठावरचा कर चुकवणाऱ्यांना अडवण्यासाठी इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात अंतर्गत जकातरेषेवर जिवंत कुंपण वाढवले. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम जकात आयुक्त असताना या कामाला पद्धतशीर रूप आले. बाभूळ, बोर, निवडुंग यांच्या जोडीला त्यात करवंदीही होती. जिथे ते उत्तम वाढले तिथे उंची दहा ते चौदा फूट आणि जाडी सहा ते बारा फूट होती. 1879 मध्ये ती रेषा मोडीत निघाली. इतके गुणी झुडूप गरिबाच्या मिठाला अडवण्यासाठी राबवले गेले, ही खेदाचीच गोष्ट.

लागवड बियांपासून सोपी. बी फार काळ टिकत नाही. पिकल्या फळातले काढून, धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशवीत पेरावे आणि रोपे पुढच्या पावसाळ्यात लावावीत. कुंपणासाठी दोन रोपांत दोन-तीन फूट, फळबागेसाठी दोन ते तीन मीटर अंतर पुरते. बियांची झाडे सारखी निघत नाहीत. रानात एका जाळीचे फळ टपोरे आणि गोड, तर शेजारच्या जाळीचे बारीक आणि आंबट असते. आवडलेली जाळी मेमध्येच हेरून ठेवावी आणि पावसाळ्यात तिच्या पेन्सिलएवढ्या फांदीवर गुटी बांधावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ आणि पंतनगरच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’, ‘पंत सुवर्णा’ या निवडलेल्या जाती होत. जमीन कसलीही चालते, साचलेले पाणी मात्र चालत नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. बियांच्या रोपांना साधारण तिसऱ्या वर्षापासून फळ धरू लागते.

कच्च्या फळाचे लोणचे होते. त्यात पेक्टिन भरपूर असल्याने जेलीही चांगली धरते. केकवरची लालभडक ‘चेरी’ बहुधा रंगवून साखरेत मुरवलेले करवंदच असते. पिकलेली काळी करवंदे मात्र फार टिकत नाहीत. म्हणूनच घाटरस्त्यांवर ती सकाळी तोडून पानांच्या द्रोणांत विकली जातात. हा हंगाम कातकरी, ठाकर स्त्रियांना चार पैसे मिळवून देतो. गावाजवळच्या जाळ्या मुळासकट उपटून जागा साफ केली की त्यांची ही मिळकत बुडते.

जुनी, आतून वाळलेली जाळी उपटायची गरज नसते. जमिनीपासून फूट-दीड फुटावर छाटली तरी ती बुडातून जोमाने फुटते. सारी ओळ एकदम छाटू नये. एकाआड एक झुडूप यंदा आणि उरलेली नवी फूट दाट झाल्यावर घ्यावीत, म्हणजे कुंपण उघडे पडत नाही आणि एकही उन्हाळा फळावाचून जात नाही.