पाण्याच्या पाइपाची क्लिप आणि बाराशे वर्षांचा एक प्रश्न

जोहे गावात श्रावण लागला की कोणाला बोलायला फुरसत नसते. पेण तालुक्यातले हे गाव गणपतीच्या मूर्तींचे. घराघरात, पडवीत, मांडवात मूर्ती वाळत असतात आणि हमरापूर फाट्याकडे टेम्पोंची रांग लागते. मी मूळचा रोह्याचा, नोकरीमुळे इथे भाड्याने राहतो. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून गावात कोणाला अर्ज लिहायचा असला की लोक माझ्या दारात येतात.

दोन-तीन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत शेजारचा एक तरुण आला. त्याचा स्वतःचा टेम्पो. हंगामात मूर्ती मुंबईला पोचवायच्या, इतर वेळी मिळेल ते भाडे मारायचे. महामार्गावरच्या एका गॅरेजात त्याने इंजिन उघडून काम करून घेतले होते. अडतीस हजार रुपये गेले. अकराव्या दिवशी कर्नाळ्याच्या चढावर इंजिन तापून जाम झाले. मागे मूर्ती भरलेल्या. गॅरेजवाला म्हणाला, "पाणी नसताना गाडी पळवलीस, माझा काय दोष?"

"सर, कोर्टात जाता येईल का?" त्याने विचारले. "की वकिलाच्या फीमध्येच टेम्पो जाईल?"

मी त्याला पावती मागितली. एका व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने लिहिलेला आकडा, एवढीच पावती. वीस हजार फोनवरून दिलेले, बाकी रोख. काय काम करायचे ठरले, कोणते सुटे भाग बदलले, याची ओळही नाही.

त्या रात्री मी विचार करत बसलो. आपली वस्तू कारागिराच्या हाती दिली आणि ती बिघडून परत आली तर नुकसान कोणाचे? हा प्रश्न मोटारींच्या आधीचा आहे. इराकमधल्या कूफा शहरात आठव्या शतकात तो धोबी, रंगारी आणि शिंपी यांच्याबद्दल विचारला गेला. आपल्या फिकहच्या ग्रंथांत अशा कारागिराला 'अजीर मुश्तरक' म्हणतात, म्हणजे एकाच मालकाचा नोकर नसलेला, अनेकांची कामे घेणारा. इमाम अबू हनीफा (मृत्यू 767) यांचे मत असे, की कारागिराच्या चुकीशिवाय वस्तू हरवली तर तो भरपाई देणे लागत नाही, पण त्याच्या हातून बिघडली तर लागतो. धोब्याने कपडा आपटला आणि फाटला, तर मुद्दाम फाडला नसला तरी जबाबदार तोच. त्यांचे दोन शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद, यांनी गुरूंपेक्षा कडक भूमिका घेतली. मोठी आग लागण्यासारखी टाळता न येणारी आपत्ती सोडली तर हरवलेल्या वस्तूचीही जबाबदारी कारागिराची, कारण एरवी लोकांच्या मालाला संरक्षण राहणार नाही. यातले अबू यूसुफ पुढे खलिफा हारून रशीद यांचे मुख्य काझी झाले, म्हणजे बाजारातली भांडणे त्यांना चांगली ठाऊक असणार.

आपल्याकडे इंग्रजी अमलात 1872 चा करार कायदा आला. त्यातही दुसऱ्याची वस्तू काही कामासाठी ताब्यात घेणाऱ्यावर एक कर्तव्य टाकले आहे. सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यायची (कलम 151). हा कायदा कारागिरालाही विसरत नाही. ज्याने वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च केले, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते (कलम 170). बिल न देता गाडी पळवून नेणाऱ्या गिऱ्हाइकाने हे कलम लक्षात ठेवावे. आपल्यातले कितीतरी जण गॅरेज चालवतात, म्हणून हेही सांगणे जरूर आहे.

नियम होता, पण गरिबाने दाद मागायची कुठे? मुंबईत लहान रकमेच्या दाव्यांसाठी 1850 च्या कायद्याने लघुवाद न्यायालय आले. मर्यादा पाचशे रुपयांची. 1882 च्या कायद्याने ती दोन हजार झाली. 1887 मध्ये मुंबई-कलकत्ता-मद्रासबाहेरच्या मुलखासाठी वेगळा कायदा झाला. पुण्याच्या लघुवाद न्यायालयात तर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे न्यायाधीश होते. कल्पना चांगली होती. लहान दाव्याचा निकाल लवकर आणि कमी खर्चात लागावा. पण खेड्यातल्या माणसासाठी स्टँप, वकील आणि तारखा तिथेही होत्याच. दावा दोनशेचा आणि हेलपाटे तीनशेचे, हे गणित कोणालाही समजते. मुंबईचे लघुवाद न्यायालय आजही आहे, पण तिथे मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचे दावे चालतात.

हे गणित बदलले ते ग्राहकांच्या चळवळीमुळे. 1966 मध्ये मुंबईत नऊ बायकांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. डिसेंबर 1986 मध्ये संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला आणि जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले. आता 2019 चा नवा कायदा आहे, तो जुलै 2020 मध्ये लागू झाला. मंचाला आता आयोग म्हणतात. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

एक अडचण मात्र होती. टेम्पो धंद्याचा. धंद्यासाठी सेवा घेणारा 'ग्राहक' होत नाही, असे समोरचा म्हणणार हे उघड होते. याचेही उत्तर कायद्यात आहे. 1993 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले, की स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा ग्राहकच असतो. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात हे उलगडून सांगितले. रिक्षा स्वतः चालवणारा ग्राहक, केवळ दुसऱ्याकडून चालवून घेणारा नव्हे. आमचा तरुण टेम्पो स्वतःच चालवत होता.

राहिला पुरावा. रोह्यात माझा मामेभाऊ गॅरेज चालवतो. त्याला टेम्पो बघायला बोलावले. त्याने वाकून पाहिले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाईजान, पाण्याच्या पाइपाची क्लिप नीट आवळलेली नाही. पाणी हळूहळू गळत गेलं." म्हणजे गॅरेजवाला खोटे बोलत नव्हता. गाडी पाण्याविना पळाली हे खरेच होते. पाणी का संपले, एवढेच तो सांगत नव्हता. कूफ्याच्या धोब्याचा आपटलेला कपडा माझ्या डोळ्यांसमोर आला.

"हे लिहून दे," मी म्हणालो. तो अवघडला. "दुसऱ्या मिस्त्रीविरुद्ध कसं लिहू? उद्या माझ्यावर कोणी लिहील."

"मग तूही क्लिप नीट आवळशील," मी म्हणालो. तो हसला नाही, पण त्याने लिहिले. तारीख घातली, सही केली. सैल क्लिपचे फोटोही काढून घेतले.

मी मराठीत दोन पानी नोटीस लिहिली. शिवीगाळ नाही, धमकी नाही. काय काम दिले, किती पैसे दिले, काय बिघडले, काय हवे, एवढेच. सोबत फोनवरून दिलेल्या वीस हजारांचा उतारा आणि मिस्त्रीचा अहवाल जोडला. पंधरा दिवसांची मुदत दिली आणि नोटीस रजिस्टर टपालाने पाठवली. उत्तर आले नाही. अलिबागला तक्रार दाखल केली. नंतर गॅरेजवाल्याने निरोप पाठवला, आणि बावीस हजारांवर तडजोड झाली.

पण हंगाम गेला तो गेलाच. मूर्ती दुसऱ्याच्या टेम्पोतून गेल्या, गिऱ्हाइके तुटली. ते नुकसानही मागता आले असते. मी त्याला विचारले, "कोणाच्या किती खेपा ठरल्या होत्या, कुठे लिहून ठेवलंस?" तो म्हणाला, "सर, आमच्यात शब्दावर चालतं." रोख दिलेल्या अठरा हजारांचेही तेच. गॅरेजवाला ते नाकारत होता आणि आमच्याकडे दाखवायला काही नव्हते.

त्याला काय बोलणार? कुरआनमधली सर्वांत मोठी आयत नमाजीबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. ती सूरह बकरामधली 282 वी आयत, मुदतीच्या देण्याघेण्याची लेखी नोंद करण्याबद्दल. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायला कंटाळू नये, असे तिच्यात सांगितले आहे. लिहून ठेवण्यात अविश्वास नसतो, दोघांची अब्रू राहते. हे मी मुलांना शिकवतो. आणि माझी स्वतःची जुनी गाडी मी आठ वर्षे मामेभावाकडे एका शब्दावर टाकत आलो होतो.

मागच्या महिन्यात गाडी रोह्याला नेली. टेबलावर कार्बन लावलेले नवे पावतीपुस्तक होते. काम, सुटे भाग, अंदाजे खर्च, तारीख, असे रकाने. मामेभावाने ते माझ्याकडे सरकवले.

"भाईजान, आधी सही," तो म्हणाला. "तुमच्यामुळे छापून घेतलंय. छपाईचे साडेसहाशे गेले."

मी चष्मा काढून सगळे रकाने वाचले आणि सही केली.