मरणे विसरलेली पेशी

दिवाळीच्या दिवसांत मरणाचे नाव काढू नये, असे घरातली वडील माणसे सांगतात. परंतु याच सणात धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे वात करून यमासाठी एक दिवा लावतो. आणि भाऊबीजेला तर यम स्वतःच बहिणीकडे जेवावयास गेला होता, असे मानतो. तेव्हा या अंकात त्याला अगदीच परका समजण्याचे कारण नाही. शिवाय ज्या मरणाची हकीकत येथे सांगावयाची आहे, ते माणसाचे नव्हे. त्याच्या देहातील पेशींचे. ते वेळच्या वेळी घडते म्हणूनच माणूस जगतो. ते घडेनासे झाले म्हणजे काय अनर्थ होतो हे शास्त्रज्ञांना कसे उमगले, त्याचा हा इतिहास आहे.

आईच्या उदरात गर्भाचा हात प्रथम वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांच्या मधल्या जागेतील पेशी मरून जातात, तेव्हा बोटे सुटी होतात. बेडकाच्या पिल्लाची शेपूट गळून पडत नाही. तिच्यातील पेशी मरतात आणि ती आतल्या आत जिरून जाते. आपल्या रक्तात आणि आतड्यात रोज अब्जावधी पेशी जन्मतात आणि जवळजवळ तितक्याच मरतात, म्हणून तर देह आटोक्यात राहतो. असे काही घडते हे कार्ल फोक्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८४२ सालीच बेडकाच्या जातीच्या एका प्राण्यात पाहिले होते. परंतु जन्माकडे कौतुकाने पाहणाऱ्या शास्त्राने मरणाकडे फारसे लक्ष दिले नाही. जे जन्मले ते मरणारच. त्यात शोधायचे ते काय, अशी एकूण समजूत.

त्या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन कर यांनी. १९६० नंतरच्या वर्षांत ते लंडनला संशोधन करीत होते. प्रयोगशाळेतील उंदराच्या यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेची एक शाखा त्यांनी बांधून टाकली. रक्त तुटलेला भाग आटत जाणार हे ठरलेलेच होते. काही पेशी फुगल्या, फुटल्या, भोवती दाह झाला. हे मरण वैद्यकाच्या ओळखीचे होते. परंतु उरलेल्या भागात त्यांना एक निराळाच प्रकार दिसला. मधूनच एखादी एकटी पेशी आक्रसे, तिचे लहान लहान गोल तुकडे होत आणि शेजारच्या पेशी ते तुकडे मुकाट्याने गिळून टाकीत. ना सूज, ना दाह. भिंतीपलीकडचे माणूस जावे आणि चाळीत कोणाला पत्ताही लागू नये, तसे हे मरण होते.

१९६५ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढे मायदेशी ब्रिस्बेनला जाऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तोच प्रकार त्यांनी अनेक ठिकाणी पाहिला. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलिस्टर करी आणि त्यांचे शिष्य अँड्र्यू वायली यांनाही अशाच खुणा दिसत होत्या. तिघांनी मिळून १९७२ साली एक निबंध लिहिला. या मरणाला नाव हवे होते, तेव्हा त्यांनी आपल्याच विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांना विचारले. त्यांनी शब्द सुचविला ‘अपॉप्टोसिस’. म्हणजे झाडावरून पान किंवा फुलावरून पाकळी गळून पडणे. पिकले पान गळावयाचेच, असे आपण म्हणतो. ग्रीक पंडिताच्या मनातही पानगळच आली. पेशीविभाजनाने जे जोडले जाते त्याचा तोल या गळण्याने राखला जातो, असे त्या निबंधात स्पष्ट म्हटले होते. तरीही जवळजवळ दहा-बारा वर्षे त्याची विशेष दखल कोणी घेतली नाही.

याच सुमारास इंग्लंडमधील केंब्रिज येथे काही मंडळी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या, काचेसारख्या पारदर्शक कृमीचा अभ्यास करीत होती. सिडनी ब्रेनर यांनी हा प्राणी निवडला होता. जॉन सल्स्टन यांनी त्याच्या पेशींची वंशावळ मांडण्यास घेतली आणि रॉबर्ट हॉर्विट्झ हे त्यांना येऊन मिळाले. हिशेब लागला तो असा : कृमीच्या वाढीत देहाच्या १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ मरतात. दर कृमीत त्याच १३१, आणि त्याही ठरल्या वेळी! मरण इतके काटेकोर असेल तर त्याचा हुकूम कोठेतरी लिहून ठेवलेला असला पाहिजे. पुढे अमेरिकेत हॉर्विट्झ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती जनुकेच शोधून काढली; त्यांतले एखादे बिघडले, की मरावयाच्या पेशी जिवंत राहत. या कामाबद्दल ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इकडे कर्करोगाच्या संशोधनाची वाट निराळी होती. गावाची वस्ती वाढते ती दोन कारणांनी : पाळणे अधिक हलू लागले म्हणून, किंवा तिरड्या उठेनाशा झाल्या म्हणून. नगरपालिकेच्या दप्तरात जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही वह्या असतात. परंतु कर्करोगाच्या बहुतेक अभ्यासकांनी वर्षानुवर्षे पहिलीच वही चाळली. त्यांचा दोष म्हणता येणार नाही. त्या वहीत सापडतही पुष्कळ होते. निरोगी पेशीतलीच काही जनुके बिघडली की तिला अखंड विभागण्यास भाग पाडतात, हे १९७६ पासून स्पष्ट होऊ लागले होते. ‘मिक’ नावाचे असेच एक जनुक आपल्या जागेवरून उखडून दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसते आणि त्यातून रक्तपेशींचा एक झपाट्याने वाढणारा कर्करोग होतो, हे १९८२ च्या सुमारास सिद्ध झाले. हे दाखविणाऱ्यांत मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेतील सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स हे दांपत्यही होते.

मग १९८४ साली फिलाडेल्फियात योशिहिदे त्सुजिमोतो आणि कार्लो क्रोचे यांना आणखी एक जनुक सापडले. लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात अठराव्या गुणसूत्राचा तुकडा मोडून चौदाव्याला जोडला जातो. त्या सांध्याशी ते होते. त्याचे नाव ‘बीसीएल-२’. ते ज्या जागी येऊन बसले तेथे रोगप्रतिकारक द्रव्ये बनविण्याचा कारखाना अष्टौप्रहर चालू असतो. निवांत झोपणाऱ्या माणसाचे बिऱ्हाड गिरणीच्या भोंग्याशेजारी हलवावे, तशी त्या जनुकाची गत झाली. त्याला विसावा म्हणून राहिला नाही. साहजिकच सर्वांना वाटले, हेही पेशींना वाढावयास लावणारे ‘मिक’चे भावंड असावे. मात्र एक गोष्ट खटकण्यासारखी होती. ज्या रोगात हे सापडले तो फार सावकाश वाढणारा होता. रुग्ण वर्षानुवर्षे त्याच्यासह जगत.

कोरी आणि ॲडम्स यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड व्हॉक्स हा तरुण डॉक्टर तेव्हा पीएच.डी.साठी काम करीत होता. त्याने हे जनुक उंदराच्या अशा रक्तपेशींत घातले, की ज्यांना जगण्यासाठी इंटरल्युकिन-३ नावाचे द्रव्य सतत लागते. ते काढून घेतले तर त्या थोड्याच दिवसांत मरतात. नवे जनुक वाढीचे असेल, तर या पेशी त्या द्रव्यावाचूनही विभागू लागतील, असा कयास होता. तसे काही झाले नाही. द्रव्य काढून घेतल्यावर पेशी वाढल्या नाहीत. एकीच्या दोन झाल्या नाहीत. ‘प्रयोग फसला’ असे म्हणून काचेच्या बशा धुवावयास टाकल्या असत्या तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु त्या पेशी मेल्याही नव्हत्या. उपाशीपोटी, स्वस्थ, जिवंत राहिल्या होत्या.

हा निबंध १९८८ च्या सप्टेंबरात ‘नेचर’ साप्ताहिकात आला. आकाराने लहान, पण त्याने कर्करोगाच्या अभ्यासात मृत्यूची वही उघडली. जनुक पेशीला वाढ असे सांगत नाही, मरू नको एवढेच सांगते, आणि तेवढ्यानेही कर्करोगाची पायाभरणी होते. जी पेशी गळून पडावयाची ती राहते. राहिली म्हणून तिच्यात पुढचे बिघाड साठत जातात. आणि मग एखादे दिवशी ‘मिक’सारखे जनुक बिघडले, की पाळणेही हलतात आणि तिरड्याही थांबतात. १९९० साली याच संस्थेत दोन्ही जनुके एकत्र असलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्यात कर्करोग फारच लवकर उद्भवला.

व्हॉक्स पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला गेला. तेथे १९९२ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाचे हे जनुक त्या चिमुकल्या कृमीत घातले. कृमीच्या मरावयाच्या पेशींतल्या कित्येक वाचल्या! माणसात आणि कृमीत कोट्यवधी वर्षांचे अंतर; तरी मरणाची भाषा दोघांची एकच निघाली. ब्रिस्बेनच्या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले, केंब्रिजच्या मंडळींनी मोजलेले आणि मेलबर्नच्या विद्यार्थ्याला बशीत थांबलेले दिसले, ते एकाच मरणाचे तीन चेहरे होते.

ज्यांच्या घरात या रोगाने पाऊल टाकले आहे ते विचारतील, याचा रोग्याला उपयोग काय? आपल्याकडे १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा उपचार मुख्यतः दोनच होते, शस्त्र आणि किरण. पुढे औषधे आली. किरण आणि औषधे पेशीला जाळून मारतात असे आपल्याला वाटते. परंतु पुष्कळदा ती पेशीला जखमी करतात आणि मरण तिचे तीच पत्करते. जी पेशी मरणेच विसरली आहे, तिच्यावर ती का चालत नाहीत, हे आता कळू लागले.

मग शास्त्रज्ञांनी उलट विचार केला. बीसीएल-२ चे प्रथिन मृत्यूच्या दूतांना आपल्या खोबणीत धरून ठेवते. त्या खोबणीत दुसरेच काही बसविले तर दूत मोकळे होतील. वीसहून अधिक वर्षे खटपट चालली. आधीच्या एका औषधाने रक्त गोठविणाऱ्या पट्टिकाही मरू लागल्या, म्हणून रेणू पुन्हा घडवावा लागला. त्यातून निघालेले ‘व्हेनेटोक्लॅक्स’ २०११ साली मेलबर्नमध्येच माणसांना प्रथम दिले गेले. ते इतके प्रभावी ठरले, की आरंभी काही रुग्णांच्या देहात एकाच वेळी असंख्य पेशी मेल्या, तो भार मूत्रपिंडांना पेलवेना, आणि मृत्यूही घडले. तेव्हापासून ते थोड्या मात्रेने सुरू करून पायरीपायरीने वाढवितात. २०१६ साली अमेरिकेत रक्ताच्या एका चिवट कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. ज्या ग्रंथींच्या रोगात ते जनुक सापडले होते, त्याच्यावर मात्र ते एकटे तितके चालले नाही. निसर्ग आपले सगळे पत्ते एकदम उघडे करीत नाही.

याच जनुकावर अमेरिकेत मोलाचे काम करणारे स्टॅन्ली कोर्समेयर २००५ साली, चोपन्नाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. सूड म्हणा, योगायोग म्हणा. त्यांच्या वाट्याला जे ज्ञान आले ते त्यांना वाचवावयास पुरले नाही. त्यांच्यानंतर अकरा वर्षांनी त्या औषधाला मान्यता मिळाली, आणि ते घेऊन बरे वाटलेले रुग्ण आज आपल्या मुलांमाणसांत सण साजरे करीत आहेत. त्यांच्या देहात जे घडले ते एवढेच : पिकलेली पाने पुन्हा गळू लागली.