गाळलेल्या नोंदी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी प्रोग्रॅम लिहिला होता. धागा तुटला की माग थांबतो. ते थांबे मोजायचे. अर्ध्या मिनिटाच्या आतले थांबे मी ‘नॉइज’ समजून गाळले. महिन्याभराने उत्पादन घटलेलं दिसलं, पण थांबे मोजकेच. ठपका कामगारांवर आला. एक काका म्हणाले, “सूत सारखं तुटतंय. आमचा हात चपळ, म्हणून तुझ्या मशीनला दिसंना होय?”

काय गाळावं, काय ठेवावं? हा प्रश्न माझ्याआधी कुणाला पडला होता, हे शोधत मी अणुभौतिकीत पोहोचलो.

१९५१ साली कोपनहेगनमध्ये कोफोड-हान्सेन आणि नील्सन यांनी क्रिप्टॉनचे अल्पायुषी समस्थानिक वेगळे काढले. १९८५मध्ये इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी बर्कलीत लिथियम-११ अनपेक्षितपणे मोठं असल्याचं दाखवलं. त्याचं अर्धायुष्य जेमतेम ९ मिलिसेकंद. अशा झोतातला प्रत्येक कण धावतानाच ओळखावा लागतो: दोन डिटेक्टरांमधलं अंतर किती वेळात कापलं, पातळ डिटेक्टरमधून जाताना किती ऊर्जा गमावली. एक कण चुकला, तर तो परत येत नाही.

आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८८पासून पेलेट्रॉन हा त्वरक आहे. त्याचा झोत लक्ष्यावर आदळून तयार होणारी अणुकेंद्रकं गॅमा किरण सोडतात. ते टिपणारे महागडे जर्मेनियम डिटेक्टर मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या संस्था आळीपाळीने वापरतात. या सामायिक संचाचं नाव ‘इंगा’. एका ‘क्लोव्हर’ डिटेक्टरमध्ये चार स्फटिक असतात. किरण एकातून दुसऱ्यात उडाला, तर दोन्हींची ऊर्जा मिळवून नोंद वाचवतात. तो बाहेर निसटून भोवतीच्या कवचात सापडला, तरच नोंद बाद होते.

मुंबईत या संचासाठी डिजिटल नोंदयंत्रणा उभी राहिली. आर. पालित आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिच्यात सिग्नलची ऊर्जा वेळेच्या शिक्क्यासह साठवतात. कोणते किरण एकत्र निघाले, हे नंतर प्रोग्रॅम शोधतो.

माझी चूक इथे कळली. गाळणं गुन्हा नव्हता. साठवण्याआधीच गाळणं होता.

आता प्रत्येक थांबा वेळेसकट साठतो. गाळणी फक्त अहवालात लागते. काकांना नवे आकडे दाखवले. त्यांनी मागच्या महिन्याचे मागितले.

ते कुठेच नव्हते.