पंतोजीच्या पडवीपासून सरकारी वर्गापर्यंत

पेडणे आणि डिचोली हे उत्तर गोव्यातील दोन तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमचे आले ते अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत, म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या ‘जुन्या काबिजादीं’नंतर सुमारे अडीच शतकांनी, त्यामुळे १६८४ साली कोकणीच्या वापरावर घातलेल्या बंदीची झळ या मुलखाला लागली नाही आणि सावंतवाडीशी चालत आलेला व्यवहार, कीर्तन-पुराणाची परंपरा व मराठी लेखन-वाचन येथे अखंड राहिले.

या अक्षरपरंपरेचा आधार सरकार नव्हे, गाव होते. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरण्याच्या जागेत, किंवा एखाद्या घराच्या पडवीत पंतोजी शाळा भरवीत. मुले धुळाक्षरे, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या धुळीत बोटाने काढलेली अक्षरे गिरवीत आणि पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे एका सुरात घोकीत, कारण शेताचा खंड व दुकानाचा हिशेब त्यांच्यावरच चाले. घरात कोकणी, पाटीवर मराठी आणि कचेरीत पोर्तुगीज अशी तिहेरी भाषिक ये-जा त्या मुलांच्या रोजच्या जगण्याचा भाग होती. मात्र सरकारी नोकरीची वाट पोर्तुगीज शाळेतून व पुढे पणजीच्या लिसेवमधून, म्हणजे माध्यमिक विद्यालयातून जात असल्यामुळे गरीब कुळांची मुले बहुधा पाटीपाशीच थांबत आणि ज्या जातींना देवळाची पायरीही चढू दिली जात नसे, त्यांची मुले तेथवरही पोहोचत नसत. या परंपरेचा गौरव करताना हे वगळणे अन्यायाचे ठरेल.

१९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने हिंदूंना नागरी समता दिल्यावर लोकाश्रयी शिक्षणसंस्थांना बळ मिळाले. पणजीची १९०८ ची मुष्टिफंड संस्था तर घरोघर मूठभर तांदूळ गोळा करण्याच्या प्रथेवरून ओळखली गेली.

खरा पालट गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाल्यानंतर झाला. १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या दयानंद बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि कुळाचे मूल जमीनदाराच्या मुलाशेजारी बसू लागले. या राजवटीचे हे सर्वांत मोठे कार्य मानावे लागते. शालान्त परीक्षा मात्र १९७५ मध्ये गोव्याचे स्वतंत्र मंडळ स्थापन होईपर्यंत महाराष्ट्राच्या मंडळाचीच होती. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा राज्यघटनेच्या ३५०-अ कलमातील निर्देश आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला दिलेले स्थान यांचा मेळ घालताना ‘मातृभाषा कोणती’ हा प्रश्न येथे तीव्र झाला, कारण या तालुक्यांतील असंख्य घरांनी बोलण्यासाठी कोकणी आणि शिकण्यासाठी मराठी या दोहोंनाही आपलेच मानले होते.