कमलाबाई गोखले : ‘पहिली नायिका’ या बिरुदामागील कारकीर्द

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगणाऱ्या बहुतेक ग्रंथांत कमलाबाई गोखले यांना एक वाक्य मिळते. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या मूकपटात त्यांनी मोहिनीची भूमिका केली आणि पडद्यावर नायिका म्हणून आलेली ती पहिली स्त्री होय, असे ते वाक्य. ते खरे आहे. परंतु त्या वेळी कमलाबाईंचे वय अवघे तेरा वर्षांचे होते, आणि त्यानंतर १९८० मध्ये आलेल्या ‘गहराई’ या हिंदी चित्रपटापर्यंत त्या काम करीत राहिल्या. म्हणजे इतिहासाने नोंदविलेला काळ काही आठवड्यांचा आणि न नोंदविलेला काळ सदुसष्ट वर्षांचा. त्या न नोंदविलेल्या काळात त्या प्रामुख्याने रंगभूमीच्या आणि चरित्र भूमिकांच्या अभिनेत्री होत्या. ‘पहिली’ हे बिरुद या कारकिर्दीवर प्रकाश टाकते की तिला झाकून टाकते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोकणातील वाचकाला या प्रश्नाची पार्श्वभूमी वेगळी समजावून सांगावी लागू नये. १ मे १९८१ पूर्वी ज्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याचा सिंधुदुर्ग हा भाग होता, त्या परिसरातील दशावतारात आणि नमन-खेळ्यांत स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषांनीच केल्या. नमनातील गौळण पुरुष उभी करतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि त्यात त्याला काही खटकत नाही. व्यावसायिक मराठी रंगभूमीची स्थितीही विसाव्या शतकाच्या आरंभी यापेक्षा फार निराळी नव्हती. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून संगीत नाटकाचे वैभव वाढत गेले, आणि त्या वैभवाच्या केंद्रस्थानी स्त्रीपार्टी नट होता; प्रथम भाऊराव कोल्हटकर, पुढे बालगंधर्व. ज्या १९१३ साली कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, त्याच साली गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली, हा योगायोग बोलका आहे. बालगंधर्वांचे नेसणे आणि गजरा माळण्याची रीत घरंदाज स्त्रिया अनुसरत होत्या. स्त्रीचे सोंग घेणाऱ्या पुरुषाला अमाप आदर आणि प्रत्यक्ष स्त्री रंगभूमीवर आली तर तिला बहिष्कार, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

फाळके यांना या व्यवस्थेचा अनुभव ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) च्या वेळी आला. तारामतीसाठी त्यांनी जाहिरात दिली, वेश्यावस्तीतही चौकशी केली. पण चित्रपटात काम करण्यास कोणी स्त्री मिळेना. अखेरीस ग्रँट रोडजवळच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती करण्यात आले. ही हकिगत आपल्याकडे विनोदी किस्सा म्हणून फार वेळा सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तिच्यातील विनोदापेक्षा तिच्यातील सामाजिक साक्ष अधिक मोलाची आहे. देहविक्रयावर जगणाऱ्या स्त्रीलाही जे काम नको वाटले, ते काही महिन्यांतच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी यांनी स्वीकारले. तेव्हा हा स्वीकार कोणत्या परिस्थितीतून आला, हे पाहणे आवश्यक ठरते.

दुर्गाबाई ब्राह्मण कुटुंबातील होत्या. त्यांचे पती आनंद नानोसकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. हा संसार टिकला नाही. पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीला, पदरी लहान मुलगी असताना, त्या काळात उपजीविकेचे मार्ग किती होते? शिक्षिकेची अथवा परिचारिकेची नोकरी करण्यासाठी शिक्षण हवे, आणि माहेरी राहायचे तर माहेरचा आधार हवा. दुर्गाबाईंनी नाटक मंडळीचा मार्ग धरला आणि त्याची किंमत जातीच्या बहिष्काराच्या रूपाने मोजली. कमलाबाईंचे बालपण त्यामुळे मंडळीच्या बिऱ्हाडात गेले. आज या गावी, उद्या त्या गावी, सामानाच्या पेट्या आणि गुंडाळलेले पडदे यांच्या सोबतीने फिरणाऱ्या मुलीला शाळा मिळणे शक्य नव्हते. चार-पाच वर्षांच्या वयापासून त्या रंगभूमीवर उभ्या राहू लागल्या. पाठांतर, स्पष्ट वाणी, ताल आणि प्रेक्षकासमोर न बुजणे हेच त्यांचे शिक्षण झाले. पुढील सात दशके त्यांना याच शिदोरीने पोसले.

‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमलाबाई मोहिनी. कथानक आपल्या परिचयाचे आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म होईल, असा वर मिळालेल्या असुराला मोहिनी आपल्यासारखे नृत्य करायला लावते आणि नाचता नाचता त्याचा हात त्याच्याच मस्तकावर जातो. फाळके यांनी मुंबईहून नाशिकला बिऱ्हाड हलविल्यानंतर हा चित्रपट तयार झाला, आणि त्याच्यासोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी पट दाखविण्यात आला. कथेची निवड मार्मिक म्हणावी लागेल, कारण मूळ पुराणकथेतच मोहिनी ही विष्णूने घेतलेली स्त्रीची भूमिका आहे. शतकानुशतके पुरुषाने वठविलेले स्त्रीचे सोंग प्रथमच खऱ्या मुलीने पडद्यावर वठविले, ते नेमके या कथेत.

परंतु येथून स्त्रियांसाठी दार उघडले, असे समजणे चुकीचे ठरेल. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये फाळके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांच्याकडूनच करवून घेतल्या. १९१३ मध्ये दोन स्त्रिया उपलब्ध झाल्या आणि त्यांनी काम केले. त्या आपल्या नाटकाकडे परतल्या, तेव्हा चित्रपटही जुन्या वाटेवर परतला. घटनेला ‘पहिली’ म्हटले की तिच्यापासून एक ओघ सुरू झाला, असे आपण नकळत गृहीत धरतो. येथे तसा ओघ नव्हता.

कमलाबाईंच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरली ती चित्ताकर्षक नाटक मंडळी. ही मंडळी ज्यांची होती, त्यांचे धाकटे बंधू रघुनाथराव गोखले हे किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करीत असत. वयाबरोबर आवाज फुटला आणि त्या भूमिका त्यांच्या हातून सुटल्या. स्त्रीपार्टी नटाचे आयुष्य असे आवाजावर आणि चेहऱ्यावर टांगलेले असे. मंडळीत स्त्रीभूमिकांची ही जागा भरली ती दुर्गाबाई आणि कमलाबाई यांनी. पुढे रघुनाथराव आणि कमलाबाई यांचा विवाह झाला. पतीने सोडलेल्या भूमिका पत्नीने कराव्यात, हे दृश्य मराठी रंगभूमीच्या एका मोठ्या स्थित्यंतराचे घरगुती रूप आहे. हे स्थित्यंतर पुढे १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांच्या नाटक मंडळीने आणि १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने अधिक ठळक केले. गंधर्व नाटक मंडळीतही १९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी आल्या. गोखल्यांच्या घरात मात्र ते यापूर्वी, गाजावाजा न होता, घडून गेले होते.

रघुनाथरावांचे अकाली निधन झाले. कमलाबाई त्या वेळी ऐन तारुण्यात होत्या आणि तीन मुलांचा भार त्यांच्यावर पडला. चालीरीती मानणाऱ्या ब्राह्मण कुटुंबातील विधवेने त्या काळात काय करावे, याचे नियम ठरलेले होते. ते पाळले असते तर मुले उपाशी राहिली असती. कमलाबाई तोंडाला रंग लावून पुन्हा रंगभूमीवर उभ्या राहिल्या. त्यांच्या कारकिर्दीतील खरे धाडस शोधायचे असेल, तर ते १९१३ मध्ये नसून येथे आहे. तेरा वर्षांच्या मुलीचा निर्णय आईचा असतो. हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

या संदर्भात आपल्या इतिहासलेखनात वारंवार येणाऱ्या ‘कुलीन’ या शब्दाकडे पाहिले पाहिजे. कुलीन स्त्रियांसाठी चित्रपटाचे दार दुर्गा खोटे यांनी उघडले, असे नेहमी लिहिले जाते, आणि ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मधील त्यांच्या तारामतीचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई याही जातीने ‘कुलीन’च होत्या आणि त्या सुमारे दोन दशके अगोदर आल्या होत्या. दोघींच्या आयुष्यातील साम्यही लक्षणीय आहे. खोटे यांनाही तरुणपणी वैधव्य आले, त्यांच्याही पदरी मुलगे होते, त्याही चरितार्थासाठीच या व्यवसायात आल्या. फरक असा की एकीच्या मागे मुंबईतील सुशिक्षित, सधन माहेर आणि महाविद्यालयीन शिक्षण होते. दुसरीच्या मागे पतीपासून विभक्त झालेली आई आणि नाटक मंडळीचे बिऱ्हाड. यावरून ‘कुलीन’ या शब्दाचा अर्थ जातीपुरता नव्हता, त्यात घर, पैसा आणि शिक्षण यांचा हिशेब मिसळलेला होता, असे म्हणावे लागते. घर सोडलेली स्त्री त्या हिशेबात बसत नव्हती.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि नाटकात तयार झालेल्या वाणीला मागणी निर्माण झाली. दुसरीकडे फिरत्या नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडू लागल्या. कमलाबाईंनी दोन्ही क्षेत्रांत मिळेल ते काम केले. त्यांच्या नावावर तीस-पस्तीस चित्रपट आहेत. वय वाढत गेले तशा भूमिका चरित्र अभिनेत्रीच्या होत गेल्या. या प्रकारच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणे अवघड असते. चरित्र अभिनेत्रीचे नाव भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापले जात नाही आणि परीक्षणात तिच्या वाट्याला फार तर एखादे विशेषण येते. तरीही कोणत्याही चित्रपटातील घर हे घर वाटते, ते बहुधा अशाच माणसांमुळे. विकास देसाई आणि अरुणा राजे यांच्या ‘गहराई’त काम केले, तेव्हा कमलाबाई ऐंशीच्या घरात होत्या.

त्यांच्या तीन मुलांपैकी चंद्रकांत गोखले यांनी रंगभूमी व चित्रपट गाजविला. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले, त्यांपैकी लालजी हे अहमदजान थिरकवा यांचे शिष्य. चंद्रकांतांचे पुत्र विक्रम गोखले यांना ‘अनुमती’ या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा घराण्याला आपण सवयीने ‘गोखले घराणे’ म्हणतो. नाटकाचा हा वारसा गोखल्यांकडे जसा रघुनाथरावांकडून आला, तसाच किंवा त्याहून अधिक दुर्गाबाई कामत यांच्याकडून आला. मुलीचे आडनाव विवाहानंतर बदलले आणि घराण्याच्या गणनेतून आजीचे नाव गळाले. संगीतात आपण गुरुपरंपरा काटेकोरपणे सांगतो. नटांच्या घराण्यात मात्र वंशावळ सांगतो, आणि वंशावळ पुरुषांच्या नावाने चालते. कामत-गोखले घराणे असा उल्लेख यापुढे करावयास हरकत नसावी.

‘मोहिनी भस्मासुर’ची प्रत आज उपलब्ध नाही. ज्या एका चित्रपटासाठी कमलाबाई ओळखल्या जातात, तो पाहता येत नाही. त्यांना पाहायचे असेल, तर रीना मोहन यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी पूर्ण केलेल्या ‘कमलाबाई’ या अनुबोधपटाकडे जावे लागते. त्यात पुण्यातील घरी बसलेल्या, नव्वदीकडे झुकलेल्या कमलाबाई जुन्या नाटकांतील प्रवेश म्हणून दाखवितात. शरीर थकलेले आहे, पण शब्द जागच्या जागी आहेत.